८१४ नंबरची घडी

सकाळी अकराच्या सुमारास माझ्या मित्राचा मुलगा स्कूटरवर झाडं दाबून वाळवायची प्रेस घेऊन आला. लाकडी पट्ट्यांची, त्याच त्या तुटक्या बकलची. "काका, आई म्हणाली हे तुमच्याकडेच द्यायचं." चहाला थांब म्हटलं, थांबला नाही.

मी वडोदऱ्यात एका हर्बेरियममध्ये काम करतो. वाळलेली झाडं कागदावर शिवायची, लेबल लावायचं, नोंदवहीत चढवून कपाटात ठेवायचं. तो मित्र बँकेत होता. दांडियाबाजारातलं घर, रविवारी मात्र पावागड, जांबुघोडा नाहीतर रतनमहालच्या रानात. सोमवारी बँकेत जाण्याआधी गठ्ठा माझ्या टेबलावर. तीस वर्षं हेच. गणपतीच्या आदल्या रविवारी तो पावागडावर गेला, आणि विसर्जनाच्या आधी स्वतःच गेला. हृदयविकार. त्या सोमवारचा गठ्ठा आला नाही, हे मला कळलं होतं. तो घरी प्रेसमध्येच पडून असेल, हे डोक्यातच आलं नाही.

पट्टे सोडताना मी बुरशीचीच तयारी ठेवली होती. पावसाळ्यात प्रेसमधले कागद रोज बदलावे लागतात. दोन दिवस चुकले की पानं काळी पडतात, चार दिवसांत पांढरी लव येते. इथे तर तीन आठवडे झाले होते. पण आतून इस्त्री केलेल्या कपड्यासारखा वास आला. कागद कोरडे, कडक. केना या रानभाजीचं निळं फूल दाबलं की विरून जातं, कितीही जपा. त्याचंही निळं टिकलं होतं.

वहिनींना फोन केला.

"अहो भावजी, ते आल्या आल्या सांगून ठेवायचे ना, रोज कागद बदल, इस्त्री फिरवून कोरडे कर. मग बदलत राहिले. सुतकात दुसरं काही करायलाही नव्हतं."

कळलावी निघाली, दोन तेरडे निघाले. एका तेरड्याखाली गुजराती पेपरचं बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, जाहिरातींचं पान होतं आणि दुसऱ्या ओळीत त्याचाच फोटो, बँकेच्या ओळखपत्रावरचा. फोटोवर तेरड्याचा गुलाबी डाग उतरला होता. वहिनींच्या नजरेतून सुटलं की त्यांनी मुद्दाम ठेवलं, हे मी विचारलं नाही. पान घडी करून खणात ठेवलं आणि पुढचं नमुना-पत्रक ओढलं.

८१४ नंबरची घडी उघडली तर आत झाड नव्हतं.

शिपाई शेजारीच उभा होता. "साहेब, आमां तो कंई छे ज नहीं." होती ती फक्त एक चिठ्ठी, पेन्सिलीतली. कोपऱ्यात लांब मानेच्या फुलाचं चित्र. खाली: "सिरोपेजिया, बहुधा ओडोराटा. वेल एकच, फुलं तीन. वास आहे. नमुना घेतला नाही." ठिकाणाच्या रकान्यात: "पावागड. पुढचं सांगणार नाही."

हे आमचं जुनं भांडण. सिरोपेजिया म्हणजे कंदीलपुष्पं. त्यांच्या फुलाची नळी आतून केसांनी भरलेली असते. केस खाली वळलेले, त्यामुळे वासाला भुललेली चिलटं आत जातात पण बाहेर येऊ शकत नाहीत. फूल जुनं झालं की केस कोमेजतात आणि चिलटं परागाचं ओझं घेऊन सुटतात. तो हे सांगायला लागला की चहा गार व्हायचा. आणि या प्रजातीतल्या बऱ्याच जातींचे कंद माणसंही खातात, रानडुकरंही उकरतात. म्हणून ठिकाण तो कुणालाच सांगायचा नाही. मलाही नाही! मी म्हणायचो, नमुन्याशिवाय नोंद म्हणजे ऐकीव गोष्ट. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं तर काय दाखवू? तो म्हणायचा, "तुझ्या कपाटात बसायला उगवलेलं नाही ते."

माझं मत अजूनही तेच आहे. तीनातलं एक फूल बाटलीत अल्कोहोलमध्ये आणलं असतं तर वेल मेला नसता. "बहुधा" हा शब्द तरी गेला असता. आणि एवढ्या वर्षांत मला एकदा तिथे नेलं असतं तर काय बिघडलं असतं, हा राग वेगळाच.

नियमाने ती घडी टोपलीत जायला हवी होती. नमुना नाही तर नोंद नाही. दुपारी बाकीचे सगळे शिवून झाले, तरी ती चिठ्ठी टेबलावरच होती. शेवटी बेचाळीस बाय अठ्ठावीस सेंटिमीटरचं कोरं पत्रक घेतलं, उजव्या खालच्या कोपऱ्यात, लेबलाच्या जागी, चिठ्ठी चिकटवली. वरची सगळी जागा मोकळी. नोंदवहीत आमचा क्रमांक दिला नाही; शेरा म्हणून पेन्सिलीने लिहिलं, "संग्राहक क्र. ८१४, नमुना जागेवरच."

शिपायाने विचारलं, कुठल्या कपाटात? पूर्वी या झाडांचं कूळ वेगळं होतं; हल्लीच्या वर्गीकरणात ती कण्हेरीच्या कुळात जातात. माझ्या मित्राला ते कधी पटलं नाही.

"रुईच्या," मी म्हटलं.