तुम्ही विचारलंत म्हणून: ॲम्प न घेता हेडफोन कुठला घ्यावा

हे मला सारखं विचारलं जातं म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो. विचारणारे बरेचसे शास्त्रीय गाणं ऐकणारे असतात आणि प्रश्न साधारण असा, की चांगला वायरवाला हेडफोन घ्यायचाय पण ॲम्प (आवाज वाढवणारं वेगळं यंत्र) वगैरे काही नकोय, मोबाईलला नाहीतर लॅपटॉपला थेट लावणार, तर कुठला घेऊ? आणि पुढे हमखास, "दुकानदार म्हणाला ३२ ओहमचा घ्या, बाकी काही बघू नका."

बाकीचं बघायलाच हवं. ओहमचा आकडा म्हणजे इम्पीडन्स, हेडफोन विजेला किती अडवतो ते, आणि तो अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अमुक इतकी पॉवर दिली तर हेडफोनमधून आवाज किती डीबी (डेसिबल) निघेल. हायफायमॅनचा जुना एचई ६ बघा, इम्पीडन्स फक्त ५० ओहम, कागदावर एकदम सोपा वाटतो, पण सेन्सिटिव्हिटी ८३.५ डीबी, त्यामुळे तो मोबाईलवर अगदीच मलूल वाजतो. सेनहायझरचा एचडी ६०० चक्क ३०० ओहमचा, तरी त्याला वाजवणं एचई ६ पेक्षा सोपं जातं. म्हणून दोन्ही आकडे एकत्रच बघायचे.

एक हिशोब करून दाखवतो, कारण तो एकदा समजला की पुढचं सगळं आपलं आपल्याला कळतं. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो आणि सेन्सिटिव्हिटी तिघांचीही एका मिलिवॉटला ९६ डीबी. बऱ्यापैकी मोबाईल किंवा डोंगल (जॅक नसलेल्या फोनला हेडफोन जोडायचा छोटा ॲडॅप्टर) जास्तीत जास्त एक व्होल्टच्या आसपास देतो असं धरा. व्होल्ट तेवढाच असला की ओहम कमी तितकी पॉवर जास्त, म्हणून त्या एका व्होल्टवर ३२ ओहमवाला साधारण १११ डीबीपर्यंत जातो, ८० वाला १०७ आणि २५० वाला १०२. आता तुम्ही म्हणाल १०२ डीबी म्हणजे कान फाटतील की, मग अडचण काय?

अडचण रेकॉर्डिंगमध्ये आहे. हा १०२ चा आकडा म्हणजे रेकॉर्डिंगमधल्या सगळ्यात मोठ्या आवाजाची मर्यादा. आजकालचं सिनेमाचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या मर्यादेच्या जवळच असतं, त्यामुळे ते कुठल्याही हेडफोनवर दणदणीत ऐकू येतं. पण एखाद्या मैफलीचं जुनं रेकॉर्डिंग लावा, विलंबित ख्याल, सुरुवातीची आलापी, गायक मंद्रात आहे, तानपुरा मागे हलकासा चाललाय, हा सगळा भाग त्या मर्यादेच्या २५-३० डीबी खाली सहज असतो. म्हणजे २५० ओहमवाल्यावर फुल व्हॉल्यूम करूनही तुमच्या कानाशी ७२-७७ डीबीच पोचणार, आणि सोर्स, म्हणजे मोबाईल किंवा डोंगल, अर्ध्या व्होल्टचा असेल तर त्यातून आणखी ६ गेले. खोलीत पंखा चालू असेल तर तानपुऱ्याची जोड त्यात बुडालीच. म्हणून माझं ठाम मत आहे की शास्त्रीय ऐकणाऱ्याला ॲम्पशिवाय भागवायचं असेल तर सेन्सिटिव्हिटीत हात आखडता घेऊ नये, एका व्होल्टला १०८-११० डीबी तरी हवेतच. तेवढा हेडफोन घेतलात की नंतर "आता ॲम्प घ्यावा का" हा विचारसुद्धा येत नाही. फक्त शास्त्रीयवरून एकदम सिनेसंगीताच्या प्लेलिस्टवर जाताना आवाज आधी कमी करा, कारण डब्ल्यूएचओने सुरक्षित म्हणून सांगितलेली मर्यादा ८० डीबी, तीही आठवड्याला ४० तास, एवढीच आहे.

आकडे वाचताना एक सांभाळा, काही कंपन्या डीबी एका मिलिवॉटला देतात आणि काही एका व्होल्टला, आणि ते थेट शेजारी ठेवून चालत नाही. ऑडिओ टेक्निकाचा एम ५० एक्स ३८ ओहम, मिलिवॉटला ९९ डीबी, सेनहायझरचा एचडी ५६० एस १२० ओहम, व्होल्टला ११० डीबी. बघणाऱ्याला सेनहायझर पुढे वाटेल, पण एका व्होल्टवर एम ५० एक्स ११३ च्या आसपास जातो. दोघंही मोबाईलवर छान चालतात.

सोर्सचं थोडक्यात. मोबाईलला जॅक नसेल तर टाइप सी डोंगल लागणार, आणि त्याच्या आत डीएसी (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारी चिप) आणि छोटा ॲम्प दोन्ही असतात. अगदी स्वस्तातल्या काही ॲडॅप्टरमध्ये चिपच नसते, ते बऱ्याच फोनवर वाजतच नाहीत. ॲपलच्या डोंगलचं युरोपातलं मॉडेल साधारण अर्धा व्होल्टच देतं आणि अमेरिकेतलं एक, तेव्हा जर्मनीतला भाचा येताना घेऊन येतो म्हणाला तर त्याला राहू दे म्हणा. २०२१ नंतरचा १४ किंवा १६ इंची मॅकबुक प्रो असेल तर प्रश्नच मिटला, त्याचा जॅक १५० ओहमच्या वरचा हेडफोन ओळखून ३ व्होल्टपर्यंत देतो.

डग्ग्याचा घुमारा येत नाही म्हणून ॲम्प घ्यायला निघालेले खूप जण असतात. क्लोज्ड बॅक (मागून बंद) हेडफोनमध्ये तो घुमारा कुशन कानाभोवती नीट बसण्यावर असतो, चष्म्याची काडी मधे आली की तिथून हवा निसटते आणि बेस गेला. कुशन हाताने जरा दाबून बघा, डग्गा भरून आला तर ॲम्पचे पैसे वाचले, कुशन बदला.

तर घेऊ कुठला? रात्री शांत घरात एकट्याने ऐकायचं असेल तर एचडी ५६० एस, ओपन बॅक, म्हणजे मागून उघडा आहे, आवाज मोकळा, तासन्‌तास कान तापत नाहीत, पण त्याची वायर ३ मीटर आणि टोकाला जाडा ६.३ मिमीचा प्लग, ॲडॅप्टर लावून तो मोबाईलला लोंबकळतो, तेव्हा छोटी वायर वेगळी घ्या, ती बदलता येते. घरात माणसं, टीव्ही, मिक्सर चालू असेल तर ओपन बॅकचा उपयोग नाही, तिथे ऑडिओ टेक्निकाचा एम ४० एक्स, बेस एम ५० एक्सपेक्षा आवरता आहे आणि गळा जास्त स्वच्छ ऐकू येतो. दुकानात जाताना फोनमध्ये तुमच्याकडचं सगळ्यात हळू रेकॉर्डिंग घेऊन जा, आलापी लावा, आणि आवाज पाऊणच्या आत पुरेसा वाटला तरच पैसे द्या.