तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोजेक्ट पूर्ण झाला हे कळलं कसं?

फायनल इयरची पोरं भेटली की दोन वाक्यांत गाडी त्याच प्रश्नावर येते. ताई, तुझा तो चादरीच्या कार्डांचा प्रोजेक्ट पूर्ण कसा झाला, आणि पूर्ण झाला हे तुला कळलं कसं? पेंटिंगवाल्यांना निदान ब्रश खाली ठेवता येतो, आमचा कोड रोज बदलतोय, सेन्सर रोज वेगळंच सांगतोय, सबमिशन तोंडावर आलंय आणि रोज नवीन आयडिया सुचतेय. परवा एकीनं हेच विचारलं तेव्हा घाईत होते, धड बोलता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी प्रोजेक्ट काय होता ते सांगते, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मी सोलापूरची, पूर्व भागातली, आमच्याकडं घराघरात मागाशी कुणाचं ना कुणाचं नातं असतंच, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. माझ्या मामांनी सगळी हयात जकार्ड मागावर, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरी विणण्यात काढली. कॉलेज मात्र पुण्यात, न्यू मीडिया स्पेशलायझेशन, म्हणजे कोड, सेन्सर, आवाज वापरून केलेली कला. शेवटच्या वर्षी विषय निवडायची वेळ आली तेव्हा वर्गात सगळीकडं एआय आणि व्हीआर चालू होतं आणि माझ्या डोक्यात मामांच्या कारखान्याच्या माळ्यावर पडलेली पुठ्ठ्याची कार्डं होती.

ही कार्डं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगायला पाहिजे, कारण सगळा जीव त्यातच आहे. लांबट पुठ्ठा, त्यावर रांगेनं भोकं, आणि अशी शेकडो कार्डं दोरीनं एकमेकांना शिवून केलेली माळ. एक कार्ड म्हणजे चादरीतला एक आडवा धागा. जिथं भोक असेल तिथं सुई आत शिरते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर उभा धागा उठतो, भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो, मग मधल्या फटीतून धोटा जातो. झालं, एक ओळ विणली. पुढचं कार्ड. म्हणजे भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली, एवढ्या दोनच गोष्टींवर चादरीवरच्या नक्षीतला अख्खा मोर उभा राहतो. फ्रान्समध्ये लियोंला जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 च्या सुमारास हे तंत्र बसवलं, तिथल्याच विणकरांनी 1839 मध्ये त्याचं चित्र रेशमात विणलं तर त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली, आणि त्या चित्राची एक प्रत चार्ल्स बॅबेजनं स्वतःजवळ ठेवली होती, तोच बॅबेज ज्यानं आपल्या अ‍ॅनालिटिकल इंजिनला, म्हणजे कॉम्प्युटरचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या यंत्राला, सूचना द्यायला अशीच भोकांची कार्डं घ्यायची ठरवलं. कॉम्प्युटरच्या इतिहासाच्या लेक्चरला ही स्लाइड आली तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत सरसावून बसले. लियों, लंडन सगळं झालं, पण सोलापूरच्या माळ्यावर धूळ खात पडलेली कार्डं तीच होती की.

तर प्रोजेक्ट असा ठरला की मामांच्या कारखान्यातली एक जुनी माळ घ्यायची, बघणाऱ्यानं हातानं हँडल फिरवायचं, एकेक कार्ड समोर येईल, भोकांतून प्रकाश आरपार जाईल, तो सेन्सर वाचतील आणि त्यातून आवाज निघेल. आवाज मी मागाच्या सांगाड्याला पिएझो डिस्क, म्हणजे कंपनं पकडणारी चपटी चकती, चिकटवून रेकॉर्ड केलेले. कारखान्यात उभं राहिलं की नुसता खडखडाट ऐकू येतो, कान बधिर होतात, पण लोखंडाला चिकटवलेली पिएझो वेगळंच ऐकते, धोट्याचा ठोका, दोऱ्याची थरथर, मध्येच एक गुणगुण. मामांना हेडफोन लावून ऐकवलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, हा तिसऱ्या नंबरचा माग, याचा आवाज मला झोपेतपण ओळखू येतो.

आता 'पूर्ण कसा झाला' हे. माझ्या मते न्यू मीडियाचा प्रोजेक्ट पूर्ण व्हायला लागतो तो बघणाऱ्यानं नेमकं करायचं काय हे एका क्रियापदात सांगता आलं की. माझं क्रियापद होतं 'फिरवणं'. ते सापडलं आणि बाकी सगळं त्यावर घासून बघता आलं. सुरुवातीच्या आराखड्यात भिंतीवर प्रोजेक्शन होतं, कार्ड वाचलं की भिंतीवर चादरीची एक ओळ उमटणार, हळूहळू मोर तयार होणार. दिसायला फार सुंदर होतं, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावरच मार्क मिळाले असते. पण मैत्रिणींना फिरवायला दिलं तेव्हा सगळ्यांची नजर भिंतीवर, मोर कधी होतोय याच्याकडं, आणि हातातलं कार्ड कुणी बघतच नव्हतं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तेच बाजूला पडलं. म्हणून प्रोजेक्शन काढून टाकलं. गाईडना पटवायला वेळ लागला पण तो निर्णय माझ्या दृष्टीनं प्रोजेक्टमधला सगळ्यात महत्त्वाचा, कारण भिंत रिकामी झाल्यावर लोक वाकून भोकांकडं बघायला लागले, बोटानं चाचपायला लागले.

टेक्निकल भागात तुम्हाला जास्त इंटरेस्ट असतो म्हणून थोडं तेही. पार्ट सगळे बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून घेतले, आणि ऑनलाइन मागवण्यापेक्षा तिथं जा असंच मी सांगेन, कारण दुकानदार विचारतो कशासाठी पाहिजे आणि ते सांगता सांगता आपल्यालाच नीट कळतं. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडीची रांग, दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे तो प्रकाश ओळखणारे सेन्सर. एलडीआर हा दुसरा प्रकाश-सेन्सर घेऊ नका, स्वस्त आहे पण प्रकाश गेल्यावर मूळ पातळीवर यायला वेळ लावतो आणि कार्ड भरभर फिरलं की गडबडतो. 16 चॅनेलचा मल्टिप्लेक्सर लावला म्हणजे सगळे सेन्सर ईएसपी32 च्या (सेन्सर वाचणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या) एकाच पिनवर एकामागून एक वाचता येतात. कार्डावर भोकं याहून कितीतरी जास्त, पण सगळी वाचायची गरजच नाही, 16 जागा ठरवून निवडल्या तरी डिझाईनची लय कानाला कळते. भोकं इतकी जवळजवळ की एका भोकाचा प्रकाश शेजारच्या सेन्सरवर सांडतो, त्यासाठी सुताराकडून सागवानाची जाड पट्टी करून घेतली आणि तिच्यात ड्रिलनं बारीक नळ्या पाडल्या, प्रत्येक सेन्सर आपापल्या नळीच्या तळाशी. कोडमध्ये डोकं फोडण्यापेक्षा लाकडानं हा प्रश्न कायमचा सोडवला.

कार्ड अर्धवट समोर असताना सेन्सर काहीबाही वाचायचे. यावरचा उपाय मामांचा. मागावर कार्डं चौकोनी सिलिंडरवर बसतात आणि सिलिंडर एकदा पाव फेरा फिरला की एक कार्ड बदलतं, मध्ये थांबायची सोयच नाही. मामा म्हणाले, तूपण चौकोनीच कर की, गोल कशाला? मग चौकोनी सिलिंडर, त्याला एक मायक्रोस्विच, पाव फेरा पूर्ण झाला की 'टक्' आणि त्या टकलाच रीडिंग घ्यायचं. दोनशे वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न होता तो, आणि उत्तर ज्यांच्या हातात होतं ते आमच्याच घरात जेवत होते.

तुम्हाला कळकळीनं सांगते, डिस्प्लेच्या जागी लवकर जा. लॅबमध्ये चाललं म्हणजे चाललं असं धरू नका. आमच्या हॉलला पश्चिमेच्या खिडक्या, दुपारनंतर ऊन आत, आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, सेन्सरला सगळीकडंच भोकं दिसायला लागतात. पडदा लावता आला असता पण मला ते काम उजेडातच हवं होतं, कारखान्यातही उजेड असतोच. मग एलईडी बंद असताना एक रीडिंग, चालू असताना दुसरं, आणि दोन्हींतला फरक तेवढा खरा धरायचा. ऊन दोन्हींत सारखंच असल्यामुळं वजा होऊन जातं. हे जागेवर दिवसभर बसून, सकाळ दुपार संध्याकाळ आकडे लिहून ठेवले तेव्हाच जमलं.

आणि लाईट जाणारच हे धरून चाला. आवाजासाठी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर प्युअर डेटा हे आवाजाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, चालू केल्याबरोबर आपोआप सुरू होणारं, स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. पायची लाईट अचानक गेली तर मेमरी कार्डावरची फाइल सिस्टीम खराब होऊ शकते, त्याच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीमचा पर्याय आहे तो चालू केला की कार्डावर काही लिहिलंच जात नाही, मग बटण कसंही बंद करा. हॉलच्या शिपाईकाकांना मी एवढंच सांगितलं की सकाळी हे बटण चालू आणि संध्याकाळी बंद. ज्या दिवशी मी पुण्यात नव्हते, त्यांनी बटण दाबलं, शाळेची मुलं येऊन फिरवून गेली आणि मला कुणाचाही फोन आला नाही, तेव्हा मला कळलं की प्रोजेक्ट पूर्ण झाला. तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर हेच आहे. आपण बाजूला उभं राहून समजावून सांगावं लागत असेल तोवर काम बाकी आहे.

ज्युरीत मला विचारलं गेलं, कार्डं विणकरांची, आवाज मागाचा, सॉफ्टवेअर फुकट मिळणारं, यात तुझं काय? प्रश्न रास्त होता आणि मला तो आवडलाही. मी म्हटलं, काय ऐकू यावं आणि काय दिसू नये हे ठरवणं माझं. मोर माझा नाही, तो ज्यांनी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरून काढला आणि ज्यांनी भोकं पाडली त्यांचा, आणि त्यांची नावं लेबलवर माझ्या नावाच्या आधी आहेत. चादरीवर कारखान्याचं लेबल लागतं, डिझाईन काढणाऱ्याचं कधीच लागत नाही, माझ्या कामात तरी ते लागलंच पाहिजे होतं.

डॉक्युमेंटेशनबद्दल थोडक्यात पण गंभीरपणे. अकबर पदमसींनी 1969 च्या आसपास मुंबईत केलेल्या एका फिल्मची एकमेव प्रिंट हरवली, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' नाव तिचं, एवढ्या मोठ्या चित्रकाराचं काम आणि आज मूळ फिल्म कुणालाच बघता येत नाही. आपली कामं तर आणखी नाजूक. राफाएल लोझानो-हेमरसारखा जगभर प्रदर्शनं करणारा कलाकारसुद्धा आपली कामं पुढं कशी टिकवायची यावर 2015 मध्ये सविस्तर टिपण लिहून सगळ्यांसाठी खुलं करतो. म्हणून व्हिडिओ काढाच, त्यात माणसाचे हात दिसू देत, सर्किट कागदावर काढा, आणि कुठला पार्ट बंद पडला तर बदली काय चालेल हेही लिहा.

आता शेवटचं, हे सोलापूर आणि इचलकरंजीकडच्यांसाठी. बऱ्याच ठिकाणी पुठ्ठ्याच्या कार्डांशिवाय चालणारं इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय, कार्डं रद्दीच्या भावात जातायत. तुमच्या घरात किंवा ओळखीच्या कारखान्यात माळ पडून असेल तर ती सोडवू नका, दोरी कुजली असेल तर आधी प्रत्येक कार्डावर पेन्सिलीनं नंबर टाका आणि मगच हात लावा, क्रम गेला की डिझाईन गेलं. आणि ते डिझाईन कुणी काढलं हे सांगणारं माणूस अजून असेल तर त्याचं नाव पहिल्या कार्डाच्या मागं लिहून ठेवा.