वाघिणीतली माणसं

मी पुण्यात मॉडेल मेकिंग करतो. घर चालतं ते बिल्डर लोकांच्या टॉवरच्या मॉडेल्सवर, पण जीव सगळा नॅरोगेजमध्ये, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेत अडकलाय, छोटी स्टेशनं, सायडिंग, एखादा पूल, असं काही करून मागणारा कुणी भेटला की बाकीची कामं मागे पडतात. गेल्या वर्षीच्या एका ऑर्डरचा शेवटचा दिवस कधीपासून लिहायचाय, आज बसलोच.

ऑर्डर बार्शी लाइट रेल्वेची होती. एका आयटीवाल्या मुलाला आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला भेट द्यायची होती, आजीचं माहेर मोडनिंबचं, म्हणजे कुर्डुवाडी-पंढरपूर लाइनवरचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बार्शी लाइट म्हणजे १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली अडीच फुटी लाइन, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, मग ती १९०६ ला पंढरपूरला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. आता सगळी ब्रॉडगेज झालीय.

मॉडेलवाल्याच्या दृष्टीने बार्शी फार सोयीची. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, त्याचे १:८७ स्केलला, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाला, ८.७६ मिमी होतात, आणि पेको कंपनीचा ९ मिमीचा नॅरोगेज ट्रॅक तयार मिळतो, पाव मिलिमीटरचा फरक कुणाला दिसत नाही. माथेरान करायला घेतलं की इथेच अडतं, ती दोन फुटी, त्याच स्केलला बरोबर ७ मिमी येतात, मग स्केल तरी बदला नाहीतर रूळ हाताने बनवा.

गाडी चालणारी नको होती, काचेच्या पेटीत ठेवायची होती, त्यामुळे मी इंजिनावर मनसोक्त वेळ घालवला. २-८-२ चाकांचं, म्हणजे पुढे दोन, मधे आठ, मागे दोन, पितळी पत्रा आणि प्लास्टिक शीटमधून कापून, रिव्हेट एकेक करून मागून सुईने दाबून काढलेले. खाली काळी माती, खरीच, सोलापूर जिल्ह्यातून आणलेली, तव्यावर भाजून घेतलेली आणि चहाच्या गाळणीतून चाळलेली. फेव्हिकॉलचं पाणी पडलं की खरी माती एकदम गडद होते म्हणून तिच्यात थोडी राखाडी पावडर मिसळावी लागते, नाहीतर सगळं डांबरासारखं दिसतं. स्लीपर अर्धे मातीत बुडवले, मधे गवत, बाभळी तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांच्या काड्यांवर केलेल्या. इंजिनामागे दोन उघड्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आणि एक ब्रेकव्हॅन, गार्डचा डबा. मला स्वतःला ते काम मनापासून आवडलं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी त्या मुलाचा मेसेज, दादा आजीला कळलंय, ती ऐकतच नाही, घेऊन येतोय. आल्या. काठी टेकत, नऊवारी, चष्मा पुसून खुर्ची पेटीजवळ ओढून घेतली आणि बसल्या. मी इंजिनाबद्दल सांगायला सुरुवात केली तर इंजिनाकडे त्यांनी बघितलंच नाही. बोट सरळ वाघिणीवर.

"आन् माणसं कुठायत रं बाळा?"

मी म्हटलं, "आजी, ही मालाची वाघीण आहे."

"व्हय की. आषाढीला कोण मोकळी सोडतंय? आमी वाघिणीतच बसून पंढरीला जायचो. पाय ठिवाय जागा नसायची. माजी आई तुळस डोक्यावरनं उतरवून मांडीवर घ्यायची, खाली ठिवू द्यायची न्हाई. वरनं पाऊस, मग समद्यांच्या डोक्यावर घोंगड्याच्या खोळी."

नातू म्हणाला, आजी उद्या कार्यक्रम आहे, आता कुठे. आजी काही बोलल्या नाहीत, पण माझं डोकं चालू झालं होतं, कारण त्या जे सांगत होत्या ते या रेल्वेचं खरं मर्म होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने ही लाइन काढली, आणि त्याचा खरा पराक्रम इंजिनापेक्षा वाघिणीत आहे. रूळ अगदी हलका, यार्डाला ३० पौंडांचा, त्यावर प्रत्येक आसाला ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, आणि तोच नियम इंजिनाला आणि तोच वाघिणीला. म्हणजे इंजिन हलक्या रुळावर चालतंय आणि वाघिणी अर्ध्या रिकाम्या, असं होतच नाही, वाघीण पूर्ण ताकदीने भरता येते. सांगाडे दाबलेल्या पोलादी पत्र्याचे, एकाच मापाचे, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. १८९६ ला इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथे त्याने ही सगळी गाडी चालवून लोकांना दाखवली होती. तर अशी वाघीण मी रिकामी ठेवावी हे मलाच पटेना. आजींना म्हटलं, "तुम्ही थांबा, सांगत राहा, आम्ही करतो."

१:८७ ला ही वाघीण साधारण ८८ मिमी लांब आणि २४ मिमी रुंद, उभी बाई १७-१८ मिमीची. माझ्याकडे प्रायझर कंपनीची तयार जर्मन माणसं होती, सगळी कोटात आणि हॅटमध्ये, आणि बसलेली असली तरी बाकावर पाय सोडून बसलेली. ती मांडी घालून कशी बसवायची? गुडघ्यातून ब्लेडने कापायचं, खालचा तुकडा आडवा करून चिकटवायचा, हॅट तासून टाकायची. फेटा आणि लुगडं टिश्यू पेपरचं, टिश्यूचा एकच पदर सोडवून त्याची दोरीएवढी पट्टी पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवायची आणि चिमट्याने डोक्याभोवती फिरवायची, ओली असतानाच टाचणीने घड्या पाडायच्या, वाळली की हात लावायचा नाही. घोंगडीला काळा टिश्यू, वरून पेन्सिलचं शिसं घासलं की लोकरीचा करडेपणा येतो. माझ्याकडे शिकायला असलेला मुलगा फेटे करत होता, मी लुगडी, आणि आजी खुर्चीत बसून एकेक जण तपासत होत्या. "पदर डोक्यावर घे तिचा." "हा म्हातारा कडेला नगं, मधी घे, पडंल." नातवाने ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली आणि तो कागदाच्या चौकटीचं तुळशीवृंदावन कापायला बसला.

दुपारी सगळ्यांनी तिथेच पोहे खाल्ले. आजी मधेच गप्प व्हायच्या आणि मग एकदम काहीतरी आठवायचं, भाकरीचं गाठोडं कुठे असायचं, पोरांना वाघिणीच्या मधल्या भागात कसं दाबून बसवायचे, कुणाच्या गळ्यात टाळ असायचे. टाळ मी चॉकलेटच्या चांदीतून सुईच्या मागच्या टोकाने टोचून काढले, दीड मिलिमीटरचे. आईची जागा त्यांनीच ठरवली, पुढच्या वाघिणीत उजव्या कडेला, मांडीवर तुळस, अंगावर हिरवं लुगडं. हिरवा रंग तीनदा बदलायला लावला, आणि मला त्याचा जरा पण कंटाळा आला नाही, कारण आपण फोटो बघून काम करतो तेव्हा असा रंग सांगणारं समोर कुणी नसतं.

रात्री उशिरा पहिली वाघीण भरली. दुसरीत थोडी गाठोडी आणि दोन पोरं एवढंच जमलं. सकाळी लवकर पेटी गाडीत ठेवून दिली, कार्यक्रमाला मीही गेलो, लोक इंजिनाचे फोटो काढत होते आणि आजी प्रत्येकाला वाघीण दाखवत होत्या.

नंतर आठवड्याभरात नातवाचा फोन आला, आजी म्हणते दुसऱ्या वाघिणीत भजनी मंडळी पाहिजेत. ती आता टेबलावर आहे. वीणेचा भोपळा धन्याच्या दाण्याचा केलाय, साधारण ३ मिमीचा, म्हणजे खऱ्यात २६ सेंटीमीटर, माप छान बसलंय. दांडीला केरसुणीची काडी. पखवाजाला अजून मनासारखं काही सापडलं नाहीये, साबुदाणा लावून बघितला पण तो फारच गोल दिसतो.