तीन मीटरवरचा पक्षी आणि साडेचार मीटरची लेन्स

भरतीच्या तक्त्यात छापलेला आकडा हा चंद्र-सूर्याचा हिशेब असतो. त्यात त्या दिवशीचा वारा धरलेला नसतो, आभाळात काय शिजतंय तेही नसतं. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर चढते, आणि वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर तो वर आणखी पाणी ढकलतो. त्या दिवशी दोन्ही होतं. म्हणूनच मी पक्ष्यांच्या फोटोंसाठी आडवं पडायची जागा तक्त्यातल्या रेषेपेक्षा चांगली वीतभर वर धरली होती. ती वीत समुद्राने सकाळी नऊच्या सुमारास खाल्ली, आणि तेव्हा मी जागची हलू शकत नव्हते.

काम साधं होतं. खाडीच्या मुखाशी वाळू आणि शिंपल्यांचा एक लांबट दांडा आहे. उधाणाच्या भरतीत आसपासचा सगळा चिखल बुडाला की किनारी पक्षी त्यावर येऊन विसावतात. त्यांच्यातल्या काहींच्या पायांत अभ्यासकांनी ओळखीसाठी अडकवलेल्या रंगीत पट्ट्या, म्हणजे फ्लॅग असतात. त्या फ्लॅगवरची अक्षरं वाचता येतील असे फोटो काढायचे, एवढंच. मोजणी माझ्याकडे नव्हती. ती बांधावर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं बघायची दुर्बीण लावून बसलेले काका करत होते. त्यांचा आवाज माझ्या इअरफोनमध्ये यायचा; मी बोलायचं नाही, माइकवर बोटाने एकदा टिचकी म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

किनारी पक्ष्यांचे फोटो काढायचे तर त्यांच्या मागे जाऊन काही हाती लागत नाही. ओहोटीला ते मैलोन्‌मैल पसरलेले असतात. तुम्ही घोट्यापर्यंत चिखलात रुतत दहा पावलं गेलात की तेही शांतपणे दहा पावलं पुढे जातात. सगळं काम पाण्यावर सोपवायचं. पाणी चढतं तसं ते पक्ष्यांना हाकत हाकत उरलेल्या कोरड्या जागेवर आणतं. आपण तिथे आधीच आडवं झालेलं असलं पाहिजे. यात खलाशांचा बारा भागांचा नियम फार उपयोगी पडतो: सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढं पाणी येतं, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं, आणि पक्ष्यांची खरी गर्दी याच वेळात होते. पूर्ण भरती 9 वाजून 40 मिनिटांनी होती. मी अंधारातच जाऊन पडले होते.

पोटावर पडण्याचा हट्ट कशासाठी, असं बरेच जण विचारतात. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे चिखल येतो, आणि चिखलाच्याच रंगाचा पक्षी त्यात हरवतो. लेन्स त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणली की मागची जमीन लांब जाते, धूसर होते आणि पक्षी सुटा दिसतो. दुसरं कारण मला जास्त पटतं: आडव्या माणसाला हे पक्षी सहसा माणूस म्हणून मोजत नाहीत. उभा राहिलेला माणूस शंभर मीटरवरूनही त्यांना उठवतो. माझी 600 मिमीची लेन्स एका उथळ ताटलीवर टेकवलेली होती, चिखलावर ढकलली की सरकणारी. अंगावर मातकट जाळी. शटर इलेक्ट्रॉनिक, म्हणजे आवाज शून्य. त्याचा एक तोटा आहे, सेन्सर मंद असेल तर वेगाने हलणारे पंख फोटोत वाकडे येतात. पण झोपलेल्या पक्ष्यांना पंख हलवायचेच नसतात.

आभाळ ढगाळ होतं आणि त्याचं मला बरंच वाटत होतं. ऊन असतं तर थोड्याच वेळात ओल्या चिखलावरची हवा थरथरायला लागते, आणि मग कितीही महागडी लेन्स असो, पिसं पिठूळ दिसतात. ढगाळ प्रकाशात पांढऱ्या पोटाचा तपशीलही जळत नाही. शटर 1/1250 सेकंद, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) f/8, म्हणजे पुढचे-मागचे पक्षीही धारदार यावेत इतकं लहान, कारण थव्यात एकच डोळा धारदार असून भागत नाही. फ्लॅग कुठल्या पायात निघेल सांगता येत नाही.

सातच्या पुढे ते यायला लागले. आधी कोरल, दांड्याच्या पार टोकाला, सगळ्यांपासून फटकून. मग लांब चोचीचे गॉडविट. त्यांना चोच पोटाखालच्या चिखलात खुपसताना बघणं मला कधी पुरत नाही. या चोचीचं फक्त टोक वेगळं उघडता येतं, बाकी चोच मिटलेलीच. चिखलात खोलवर गेल्यावर पूर्ण चोच उघडायला जागा कुठली मिळणार? एखाद्या आळसावलेल्या पक्ष्याने बाहेर तसं टोक वाकवलं तर तो फोटो बघून लोक विचारतात, चोच मोडली का. शेवटी बारकी मंडळी: टिलवे, चिखल्ये आणि बाकचोच तुतारी. ही तर थेट माझ्या दिशेने चालत आली. वारा त्यांच्या तोंडावर होता. असे पक्षी वाऱ्याला तोंड देऊनच उभे राहतात, नाहीतर पिसं फुगतात.

एका पायावर उभं राहणं, चोच पाठीत खुपसणं, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय ताणणं ही सगळी निर्धास्तपणाची लक्षणं. मान ताठ झाली, अंग बारीक दिसायला लागलं, खाणं किंवा पिसं साफ करणं मध्येच थांबलं, तर समजायचं की आपण जास्त झालो. माझ्यासमोर कोणाचीही मान ताठ नव्हती. उलट ते येतच राहिले.

"अगं, तुझ्या डाव्या कोपराशी टिलवे झोपलेत," काका म्हणाले. "हलू नकोस."

एक टिचकी.

तेवढ्यात ती दिसली. बाकचोच तुतारी, एका पायावर, दुसरा पाय पिसांत. मग तिने पाय बदलला आणि वरच्या भागात, ज्याला आपण मांडी म्हणू तिथे, काळा आणि त्याखाली पांढरा फ्लॅग. (पक्ष्याचा मागे वाकणारा "गुडघा" हा खरं तर घोटा असतो, खरा गुडघा पिसांत असतो. नोंद करताना फ्लॅग त्या सांध्याच्या वर की खाली हे लिहावं लागतं, म्हणून सांगते.) पूर्व आशिया–ऑस्ट्रेलिया स्थलांतरमार्गावर रंगांच्या जोड्या ठिकाणागणिक ठरलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा नारिंगी, वायव्य ऑस्ट्रेलियाचा पिवळा, आणि वर काळा–खाली पांढरा म्हणजे शांघायजवळ यांगत्से नदीच्या मुखावरचं चोंगमिंग बेट. तिथला दोंगतान हा चिखलपट्टा 2024 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्याच वर्षी बाकचोच तुतारीही आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत एक पायरी खाली उतरून असुरक्षित ठरली. सैबेरियाच्या उत्तर टोकाला अंडी घालणारा, पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा हा पक्षी. त्याच्या वाटेवरचे असे चिखल कमी होत गेले की त्याला मधे उतरायला दुसरी जागा नसते.

बटण अर्धं दाबलं. फोकस होईना. पुन्हा दाबलं. लेन्स पुढे-मागे शोधत राहिली आणि थांबली. मग माझ्या ध्यानात आलं: पक्षी तीन मीटरवर आहे, आणि माझी लेन्स साडेचार मीटरच्या आत काही बघतच नाही.

लांबून फोटो काढायच्या लेन्सला जवळचं दिसत नाही, हे लग्नघरात नवऱ्या मुलाला जेवायला न मिळण्यासारखं आहे. पिशवीत छोटी लेन्स होती, पण ती काढायला हात मागे न्यायचा म्हणजे चार टिलवे उठवायचे. चार उठले की चाळीस उठतात, आणि मग दांड्यावरचे सगळे. उघड्या डोळ्यांनी फ्लॅगचे रंग दिसत होते, अक्षरं नाही. ती काही मिलिमीटरची असतात.

आणि कोपरं ओली झाली.

घड्याळात 9 वाजले होते. त्या दिवशी ओहोटी-भरतीतला फरक सुमारे चार मीटर. शेवटी चढ मंदावत जातो हे धरूनही उरलेल्या चाळीस मिनिटांत दहा-पंधरा सेंटिमीटर पाणी आणखी यायचं होतं, आणि वाऱ्याचं वेगळं. माझ्या कॅमेऱ्याचं बूड जमिनीपासून चार बोटं वर. खारं पाणी कॅमेऱ्यात गेलं तर दुरुस्ती बहुधा नसतेच.

आता काही जण म्हणतील, उठायचं सरळ. पक्षी उडाले असते, बसले असते पुन्हा. हीच गोष्ट मला मान्य नाही. उधाणाच्या भरतीत त्यांना पुन्हा बसायला जागा उरलेली नसते; दांड्याचं दुसरं टोकही बुडत होतं. स्थलांतराआधी हे पक्षी चरबी साठवत असतात. 2022 मध्ये एक पाच महिन्यांचा गॉडविट अलास्काहून टास्मानियाला न थांबता अकरा दिवसांत 13,560 किलोमीटर उडाला, ते अशाच साठवणीवर. भरतीचे हे दोन-तीन तास त्यातले खर्च न करण्याचे तास असतात. समुद्रकिनाऱ्यावर आभाळभर थव्याचा सुंदर फोटो दिसला की माझा पहिला प्रश्न असतो: यांना उडवलं कोणी?

"काका, पाणी," मी ओठ न हलवता पुटपुटले. नियम मोडून.

"दिसतंय. कॅमेरा उचलून धर थोडा."

मनगटांवर तोलून धरला. किती वेळ ते धरता आलं असतं हे मला सांगता येणार नाही, कारण त्याचा निकाल लागलाच नाही. एकाएकी सगळ्या माना ताठ झाल्या. झोपलेले डोळे उघडे, सगळे एकाच बाजूला, वर. मी काही केलं नव्हतं. पुढच्या क्षणी दांडा रिकामा होता आणि डोक्यावरून पंखांचा जो आवाज गेला तो छातीत ऐकू आला.

"बहिरी ससाणा," काका ओरडले. "तुझ्या मागून, खालून. उठायचं तर आत्ताच!"

ससाण्याने उठवलेला थवा वेगळाच असतो. माणसाने उडवलेले पक्षी विखरून, कुरकुरत जातात. हे गच्च गोळा झाले होते, आणि वळताना सगळा गोळा आधी काळा मग पांढरा होत होता, पाठ आणि पोट. ससाणा दोनदा आत घुसला. दोन्ही वेळा गोळा मधोमध फाटला आणि त्याच्या मागे मिटला. यातला एकही फोटो माझ्याकडे नाही. f/8 आणि 1/1250 वर, पोटाखाली पाणी, हातात खाली तोंड केलेली लेन्स. आणि मला दुसरं काम होतं.

मी उठले नाही. ससाणा गेल्यावर ते इथेच परतणार, आणि उभा माणूस दिसला तर उतरणार नाहीत. मी पोटावरच, ताटली ओढत, मागे मागे सरकले, दांड्याच्या कण्यापर्यंत. साधारण दोन माणसं आडवी होतील एवढं अंतर. शिंपल्यांनी कोपरं सोलली. जाळी पुन्हा डोक्यावरून घेतली आणि तोंड खाली घातलं.

ससाण्याला काही मिळालं नाही. काकांनी तो खाडीपलीकडे जाताना पाहिला. थवा आणखी दोन फेऱ्या घालून हळूहळू खाली आला, आणि मघाशी मी जिथे होते बरोबर तिथे, उथळ पाण्यात उतरला. उतरल्या उतरल्या ते लगेच झोपत नाहीत, जागेसाठी ढकलाढकली करतात, दोन्ही पायांवर असतात. पाय बघायला याहून चांगली वेळ नाही. शटर 1/2000 वर नेलं आणि अंतर न मोजताच मला कळत होतं की आता लेन्सला सगळं दिसतंय.

काळा-पांढरा फ्लॅग तिसऱ्या रांगेत होता. पुढे एक गॉडविट आडवा. तो सरकला, एक टिलवा आला. तोही गेला. मग ती स्वतःच पाण्याच्या कडेला आली, पाय झटकला, आणि मी बोट दाबून धरलं.

पुढचा तासभर काही घडलं नाही. पाणी तक्त्यातल्या वेळेनंतरही थोडं चढत राहिलं, थांबलं, मग उतरलं. चिखलाची पहिली पट्टी उघडी पडली तशी बारकी मंडळी तिकडे चालत गेली, त्यांच्यामागे गॉडविट. कोरल सगळ्यांत शेवटी. दांडा आपोआप रिकामा झाल्यावर मी उठले. म्हणजे आधी बसले. पाय माझे नव्हते. काकांनी बांधावरून विचारलं, "कॅमेरा?" मी म्हटलं, "कोरडा." "आणि तू?" त्याला उत्तर दिलं नाही. उपकरणं गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्याने पुसेपर्यंत तिथून हलायचं नाही हा आमचा नियम, तेवढा पाळला.

संध्याकाळी मोठ्या पडद्यावर फ्रेम एकेक करून उघडल्या. पहिली दोन अक्षरं स्वच्छ होती. तिसऱ्यावर चिखलाचा एक ठिपका बसला होता आणि पाय झटकल्यावरही तो गेला नव्हता. काकांना तो B वाटला. मला 8. आम्ही रंग उलटे केले, कॉन्ट्रास्ट वाढवला, दोन शेजारच्या फ्रेम एकावर एक ठेवल्या.

"B लिही," काका म्हणाले. "ऐंशी टक्के B आहे."

"ऐंशी टक्के लिहायला रकाना नाहीये काका."

अंदाजाने भरलेलं अक्षर म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी पक्ष्याला जिवंत ठरवणं, आणि त्याच्या वयाचे, जगण्याचे हिशेब त्यावर उभे राहतात. मी नोंदीत रंग लिहिले, पाय, सांध्याच्या वर, पहिली दोन अक्षरं, आणि तिसऱ्या जागी प्रश्नचिन्ह. सोबत पाच फ्रेम जोडल्या, एकही न कापता.