शेऱ्याचा रकाना

ग्रंथालयाची सूची कुणी आवडीनं वाचत नाही. मी वाचते. त्यातून पावसाची झड लागली असेल आणि देवघेवीच्या टेबलाकडे कुणी फिरकणार नसेल, तर फारच आवडीनं. आमचं वाचनालय बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, दोन खोल्यांचं. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारखी १८४८ पासूनची परंपरा आमच्यापाशी नाही. आहेत ती लाकडी खणांतली जुनी कार्डं, आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवायचं जाडजूड दाखल रजिस्टर आणि एक कॉम्प्युटर, तोही करंट असला तर.

येणारा वाचक सूचीकडे ढुंकूनही बघत नाही. तो थेट टेबलाशी येतो आणि म्हणतो, "मागच्या खेपेस नेलतो बघ, तसलंच आणि एक दे की गं." पुस्तकाचं नाव आठवत नाही, लेखक तर नाहीच. कव्हर निळं होतं, एवढं पक्कं आठवतं. आता ह्या 'तसलंच'चं काय करायचं?

चार्ल्स कटर नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली सूचीची कामं लिहून ठेवली. लेखक, नाव किंवा विषय ठाऊक असेल तर पुस्तक सापडावं, हे पहिलं. एखाद्या लेखकाचं किंवा विषयावरचं आपल्याकडे काय काय आहे ते दिसावं, हे दुसरं. आणि पुस्तक निवडायला मदत व्हावी, हे तिसरं. पहिली दोन कामं सगळे इमानेइतबारे करतात. तिसरं राहून जातं. आमच्याकडे मागणी असते ती नेमकी त्याचीच.

खरं तर मदत त्या रुक्ष नोंदीतच असते, ती वाचायची खोड लागायला हवी. पृष्ठसंख्या घ्या. आमच्याकडे कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमातली पोरं येतात. घरी मराठी फडाफडा बोलतात, वाचताना मात्र जोडाक्षरापाशी अडखळतात. त्यांच्या हातात आधी शंभर पानांच्या आतलं पुस्तक ठेवायचं. ते संपवलं की पोरगं आपणहून जाड पुस्तकाकडे हात घालतं. आवृत्तीचंही तसंच. पहिली आवृत्ती १९६४, सातवी १९९१ असं कार्डावर दिसलं, की लोक सत्तावीस वर्षं पदरचे पैसे मोडून ते घेत होते हे कळतं. परीक्षणांपेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास. (पुस्तक अभ्यासक्रमाला लागलेलं असेल तर मात्र हा हिशेब सोडून द्यावा.)

आमच्या भागात खरी मजा येते ती अनुवादांपाशी. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयवार आकडे (वर्गांक) देऊन पुस्तकं कपाटात लावायच्या पद्धतीत, हेही १८७६ चंच, मराठी साहित्य ८९१.४६ वर आणि कन्नड ८९४.८१४ वर. भाषाकुळं वेगळी, म्हणून हे अंतर. आमच्या बाजारात एकाच वाक्यात दोन्ही भाषा सुखानं नांदतात, आणि कपाटात त्यांच्यामध्ये गुजराती, फारसी, रशियन, अरबी अशी सगळी वस्ती! त्यात नियम असा, की अनुवाद मूळ भाषेच्या साहित्यात ठेवायचा. म्हणजे मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेले कन्नड कादंबरीकार भैरप्पा नियमानं जाणार कन्नडच्या कपाटात. मराठी कादंबरी मागणारा माणूस तिकडे कशाला जाईल?

पुस्तक बिचारं एकाच जागी उभं राहू शकतं. कार्डाचं तसं नाही. ते लेखकाच्या खणात घालता येतं, नावाच्या, विषयाच्या, मालेच्या आणि अनुवादकाच्याही खणात घालता येतं. माहेरी, सासरी, आजोळी सगळीकडे हक्काचं पान असलेल्या लेकीसारखं. भैरप्पा वाचून 'तसलंच' मागणाऱ्या एका काकूंना मी 'कु'चा खण उघडून दाखवला. कुलकर्णी, उमा, अनुवादक, ह्या कार्डांमागोमाग कन्नडमधले कारंत आले, तेजस्वी आले. काकूंना ती भाषेची ढब आवडली होती, आणि कुणाच्या हातची ते त्यांना तोवर माहीतच नव्हतं. आता त्या येतात त्या सरळ 'कु'च्या खणापाशीच.

अशी जास्तीची कार्डं लिहायचा मात्र कंटाळा येतो. आमच्या जुन्या ग्रंथपालांना तो नव्हता. एका नावावरून दुसऱ्या नावाकडे धाडणारी, 'पाहा' आणि 'हेही पाहा' अशी त्यांची कितीतरी कार्डं अजून खणांत आहेत. २०१४ साली शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. सूचीत मथळा कुठला करायचा आणि 'पाहा' कुठल्याला लावायचं, यावर इकडे रात्रभर बैठक चालू शकते. कार्डाला त्याचं सोयरसुतक नाही, ते दोन्हीकडून एकाच कपाटापाशी नेऊन सोडतं. आमच्या कॉम्प्युटरवर मात्र कुणी 'बेळगांव' असं अनुस्वार देऊन टाइप केलं की तो सरळ 'नोंद नाही' म्हणून मोकळा.

आणि कार्ड असो की कॉम्प्युटर, कथा-कादंबऱ्यांपाशी दोघेही हात टेकतात. भाताच्या लागवडीवरचं पुस्तक विषयावरून चटकन मिळतं. कादंबरीचा विषय काय? तर 'कादंबरी'. ती रडवते की हसवते, झोपताना वाचावी की एसटीत, सासूसमोर उघडता येईल की नाही, ह्याला वर्गांक नाही. आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे नियम सांगितले. नियम सुरेखच आहेत. पण दोघांची गाठ घालायला मध्ये कुणीतरी चार शब्द टाकावे लागतात.

ते शब्द आम्ही रजिस्टरातल्या शेऱ्याच्या रकान्यात टाकायला लागलो. मूळचा हा रकाना 'फाटले', 'हरवले', 'बाइंडिंगला दिले' असल्या नोंदींसाठी. आता तिथे वाचकांच्या तोंडचं येतं. 'पहिली चाळीस पानं सोसा, मग सुटत नाही.' 'माणसं फार, कागदावर नावं लिहून घ्या.' 'आजारपणात वाचू नये.' सवड झाली की मी तेच कॉम्प्युटरात टिपेच्या जागी भरते. मग पुढच्या वेळी कुणी 'रडारड नको बाई' म्हणालं, की शोधायला काहीतरी हाताशी असतं.

कार्यकारिणीतल्या काहींना हे पटलेलं नाही. रजिस्टर सरकारी तपासणीला जातं, त्यात असलं काय लिहायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच चूक नाही. त्यात एका कादंबरीपुढे निवृत्त मास्तरांनी 'शेवट फसला' असं ठसठशीत अक्षरात लिहिलं. त्याच्याखाली काकूंनी बारीक अक्षरात लिहिलं, 'शेवटच तर चांगला आहे.' तेव्हापासून ती कादंबरी कपाटात थांबेना. परत आली की दुसरा उभाच. परवा मास्तर आले आणि उत्तर लिहायला म्हणून रजिस्टर मागू लागले. मी म्हटलं, "मास्तर, रकाना भरला की हो."

"मग वेगळी वही घाल की," म्हणाले.