पिक किती जाड घ्यायचं?

माझ्याकडे गिटार शिकायला कोणी नवीन आलं की मी त्याच्या हातात आधी पिवळं टॉर्टेक्स पिक देतो; पिक म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी. डनलॉप कंपनीच्या या पिक्समध्ये रंगावरून जाडी कळते: लाल ०.५०, केशरी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.०, जांभळं १.१४ मिलीमीटर. पिवळं स्ट्रमिंग करताना, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवताना, तारांत अडकत नाही आणि एकेक सूर वाजवायचा म्हटलं तरी फारसं वाकत नाही. शिकणाऱ्याचा हात कुठे जातोय, हे त्यावर लगेच कळतं.

पातळ पिक स्वतःच वाकतं. त्यामुळे मनगट थोडं कडक असलं तरी सहाही तारा सारख्या वाजतात, गाण्याच्या साथीला हे फार छान. पण वाकलेलं पिक सरळ व्हायला क्षणभर लागतो, आणि जलद तुकड्यात सूर तेवढ्यानेच मागे पडतो. शिवाय त्याची टकटक. बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) माइक लावून रेकॉर्ड करा, तारेच्या आधी प्लॅस्टिक ऐकू येईल. काही गाण्यांत मला ती टकटक आवडते, शेकर (खुळखुळ्यासारखं वाद्य) वाजवल्यासारखी वाटते.

जाड पिकने सूर भरदार येतो आणि नेमका हवा तेव्हा येतो. म्हणून लीड, म्हणजे एकेक सुराची धून, वाजवणाऱ्या कितीतरी जणांचा जीव १.३८ मिलीमीटरच्या जॅझ थ्री या छोट्या पिकवर असतो. मात्र 'जाड पिकने स्ट्रमिंग होत नाही' हे मला मुळीच पटत नाही. जिप्सी जॅझ या गिटारप्रधान शैलीतले वादक दोन-तीन मिलीमीटरच्या पिकने अख्खी रिदम वाजवतात. आपल्याकडे सरोदचा जवा, म्हणजे त्याचं पिक, बघा, नारळाच्या करवंटीचा, कडक. तरी 'दा-रा' हे बोल किती नाजूक निघतात! पिक वाकणार नसेल तर मनगटाला वाकावं लागतं, एवढंच.

पिक बदलण्याआधी एक करून बघा. डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून धरा आणि फक्त उजवा हात चालवा. वर येताना पहिल्या तारेला पिक अडखळतं का? मग अंगठ्याबाहेर टोक किती आहे ते बघा. तीन-चार मिलीमीटर पुरे. बऱ्याच जणांचं टोक याच्या दुप्पट बाहेर असतं, आणि दोष मात्र जाडीला जातो. टोक आत घेऊन पकड सैल केली की ०.८८ सुद्धा सहज फिरतं.

मुंबईच्या दमट हवेत बोटांना घाम येतो, तेव्हा गुळगुळीत सेल्युलॉइडचं पिक निसटतं. टॉर्टेक्सचा पृष्ठभाग खरखरीत असतो, तो टिकून राहतो. नायलॉनच्या पिकवर उठावाची अक्षरं असतात, त्यांचाही आधार मिळतो.

मी स्वतः ॲकॉस्टिकला ११-५२ च्या तारा (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशात) असताना साथीला केशरी घेतो. १२-५३ चढवल्या की एक पायरी वर, पिवळं. मधे एखादा सोलो तुकडा असेल तर हिरवं, आणि मग अख्खं गाणं त्याच पिकने, फक्त पकड सैल ठेवून.