तुमचा तरी विश्वास आहे का?

सरकारी कार्यशाळेत चहाच्या टेबलाशी, बंदरावर नाखव्यांच्या घोळक्यात, परवा तर एका साखरपुड्याच्या पंगतीत. प्रश्न एकच येतो: "समुद्राच्या त्या मॉडेलवर तुमचा तरी विश्वास आहे का?" विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना मी 'नाही' म्हटलेलं हवं असतं. मग पावसाळी बंदी, जाळ्याचा आस (म्हणजे जाळीच्या भोकाचा आकार), मासळीची किमान लांबी, सगळंच थोतांड म्हणून निकालात काढता येतं. काहींना 'हो' हवं असतं, कारण मग निर्णय त्यांना घ्यावा लागत नाही. मॉडेलनं सांगितलं म्हणून मोकळं होता येतं. दोघांनाही मी आजवर मोघम उत्तरं देत आले. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आम्ही करतो ते मॉडेल म्हणजे समुद्रात कोण कोणाला किती खातं याचं, संगणकावर मांडलेलं वहीखातं. जवळा किती पिकतो, त्यातला बोंबील किती खातो, मांदेली किती, ढोमा किती, आणि डोलीत, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, किती येतो. कुठल्याही खात्यात खर्च जमेच्या वर जाता कामा नये. पहिल्या फेरीत तो हमखास जातो. बोंबील समुद्रात आहे त्याहून जास्त जवळा खाताना दिसतो. म्हणजे एक तर जवळ्याचा अंदाज कमी धरलाय, नाहीतर बोंबलाच्या पोटाचा हिशोब चुकलाय. पोटाचा हिशोब अक्षरशः पोटाचाच. बोंबील ट्रेमध्ये आडवा घालायचा, बारीक कात्रीनं पोट उघडायचं. बरीच पोटं रिकामी निघतात. काहींत नुसता लगदा, आणि त्या लगद्यात जवळ्याचे काळे डोळे. ते वेगळे करायचे, मोजायचे, दोनानं भागायचं. मध्येच एखाद्या पोटात छोटा बोंबीलच सापडतो. ही जात आपलीच पिल्लं खाते. हे सगळं एका तक्त्यात जातं आणि त्या तक्त्यावर पुढचा डोलारा उभा राहतो. "एसीत बसून मासे मोजता," असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या ट्रेचा वास घेऊन जावा.

आता खरं सांगायचं तर डोलाऱ्यात पोकळ जागाही आहेत. जेफ्री पोलोविना यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईकडच्या प्रवाळांसाठी मांडलेला इकोपाथ, म्हणजे आमच्या वहीखात्याचं मूळ, हा एका वर्षाचा ताळेबंद होता. १९९७ मध्ये कार्ल वॉल्टर्स आणि सहकाऱ्यांनी त्याला काळाची जोड दिली, तो इकोसिम. त्यात शिकारी आणि भक्ष्य यांच्या प्रत्येक जोडीला एक आकडा लागतो: शिकारी वाढले तर भक्ष्यावरचा मार किती वाढेल. हा आकडा समुद्रात जाऊन मोजता येत नाही. जुन्या वर्षांच्या पकडीशी मॉडेल जुळवत जुळवत तो काढायचा. वेगवेगळे आकडे घालूनही भूतकाळ सारखाच चांगला जुळू शकतो आणि भविष्यं मात्र निराळी निघतात. कोणाला हे नवीन असेल, मला नाही.

"असली मॉडेलं जगात कोणी वापरतं तरी का?" वापरतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेनहेडन नावाचा, तारलीच्या भावकीतला मासा आहे. माणसं तो फारसा खात नाहीत. त्याचं तेल आणि फिशमील होतं, आमिष म्हणून तो जातो. पण स्ट्राइप्ड बास हा तिथल्या गळकऱ्यांचा लाडका मासा त्यावर पोसतो. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या अटलांटिक राज्यांच्या मत्स्य आयोगानं ठरवलं, की मेनहेडन किती धरायचा हे केवळ मेनहेडनपुरतं बघून ठरणार नाही. स्ट्राइप्ड बासचा साठा ठरवलेल्या पातळीला पोचेल इतका तो पाण्यात राहिला पाहिजे. ती मर्यादा इकोपाथ-इकोसिममधून काढली. मात्र एकट्या त्याच्यावर कोणी विसंबलं नाही. मेनहेडनचं नेहमीचं, एका जातीपुरतं मूल्यमापन सोबत होतंच. आणि ६१ गटांचं (गट म्हणजे वहीतलं एकेक खातं) मोठं मॉडेल हाताशी असताना काम केलं ते १७ गटांच्या छाटलेल्या मॉडेलवर. आयरिश समुद्रात कोण कोणाला खातं हे मच्छीमारांनाच विचारलं, तक्ते सुधारले, आणि अंदाज त्यानं जास्त बरोबर आले. तेव्हा विश्वास ठेवायला माझ्याकडे कारणं आहेत.

नको वाटण्याचं कारणही आहे, आणि ते सांगायचं टाळत आलेय.

रायगड किनाऱ्यावर एका तालुक्याच्या गावी बैठक होती. ट्रॉलरवाले, पर्ससीनवाले, डोलकर, साहेब लोक आणि प्रोजेक्टर घेऊन आलेले आम्ही. माझा नंबर जेवणानंतर. माझ्या आधी बोटमालकांच्या बाजूनं एक गृहस्थ उठले. शिकलेले, मृदू बोलणारे. त्यांनी पडद्यावर एक आलेख लावला. माझाच. अहवालातून कापून घेतलेला, खालची टीप गाळून. वाम, घोळ, मुशी, शिंगाळा यांच्या रेषा खाली चाललेल्या. कोळंबी, जवळा, माकूल यांच्या वर. "मॅडमच्याच मॉडेलप्रमाणे," ते म्हणाले, "मोठा शिकारी मासा उचलला की छोटी मासळी वाढते. मग आम्ही समुद्र रिकामा केला, हा आरोप कशाच्या जोरावर?"

टाळ्या पडल्या. त्या मी पचवल्या असत्या. पण पुढच्या रांगेत एक म्हातारे डोलकर काका बसले होते. सकाळीच त्यांनी मला सांगितलं होतं, की पूर्वी एका घोळीच्या बोतावर, म्हणजे पोटातल्या महागड्या हवापिशवीवर, त्यांच्या घराचं छप्पर झालं, आता घोळ नुसती बघायला मिळत नाही. ते मागे वळले आणि कुत्सितपणे नव्हे, खरंच समजून घ्यायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मॅडम, म्हंजे घोळ गेली ती बरीच झाली का?"

मी उठले आणि समजावू लागले. हे सॉफ्टवेअर आधी तुम्हालाच विचारतं, की जास्तीत जास्त काय हवंय? नफा, रोजगार, की दीर्घायुषी जाती टिकलेला समुद्र? प्रत्येकाला तुम्ही वजन द्यायचं. सगळं वजन नफ्याला दिलं आणि कोळंबीचा भाव घातला, की ते थंडपणे सांगतं, कोळंबी खाणारे साफ करा. दीर्घायुषी जातींना वजन दिलं की त्याच रेषा उलट फिरतात. अहवालात तिन्ही आलेख होते, ओळीनं तीन पानांवर. माझं एवढं होईतो अध्यक्षस्थानी बसलेले साहेब म्हणाले, "मॅडम, थोडक्यात." थोडक्यात ते सांगता येत नाही, असं मी म्हणाले. ते हसले. सगळेच हसले.

महिन्याभरानं इतिवृत्त आलं. त्यात माझ्या नावापुढे एक वाक्य: 'मॉडेलच्या निष्कर्षांनुसार मोठ्या मांसभक्षी माशांची मासेमारी कोळंबी उत्पादनास पोषक असल्याचे दिसून येते.' दुरुस्तीसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं, की इतिवृत्त कायम झालेलं आहे.

आलेख खोटा असता तर मला शांत झोप लागली असती. तो खोटा नव्हता. थायलंडच्या आखातात १९६० च्या दशकात ट्रॉलिंग वाढलं, मोठे मासे आणि पाकटं घटली, आणि पकडीत माकूल वाढलं. समुद्र असं करतो. दर वेळी करतो असंही नाही. व्हेल कमी केले तर मासळी वाढेल, असं म्हणणारे आहेत; वायव्य आफ्रिकेच्या किनाऱ्यासाठी मॉडेलमध्ये ते तपासलं तेव्हा व्हेल काढून मासेमारीच्या पदरात जवळपास काहीच पडलं नाही. आमच्या मॉडेलमध्ये मोठे मासे काढल्यावर कोळंबी मात्र पदरात पडली. ती रेषा मी काढून टाकायची होती का? अवघड निष्कर्ष लपवायचे असतील तर मॉडेल करायचंच कशाला? काकांना मात्र हे उत्तर देता आलं नसतं. मॉडेलला घोळ म्हणजे टनांत मोजायचं एक खातं, आणि छप्पर त्यात कुठेच येत नाही.

प्रबंध लिहितानाची मी इथे मध्येच तोंड घालते. तिचं म्हणणं साधं होतं: गट वाढव, डोल वेगळी, ट्रॉल वेगळी, गिलनेट वेगळी, भाव घाल, मजुरी घाल, सगळं आत आलं की कोणी काही कापून नेऊ शकणार नाही. मी तिला मेनहेडनचे १७ गट दाखवते. ती म्हणते, तिथे एक भक्ष्य, एक लाडका शिकारी आणि वर्षाचा कोटा ठरवणारा आयोग होता. इथे डोलीच्या एका खेपेत जवळा, बोंबील, मांदेली, करंदी आणि कोणाकोणाची पिल्लं एकत्र येतात, आणि कोटा नाहीच. आहे ती १ जून ते ३१ जुलैची बंदी, आस आणि परवाने. छाटायचं तर काय छाटशील? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिचं वय पाहता ती फार आगाऊ होती, एवढंच म्हणते.

तर विश्वास. ताळेबंदावर आहे. रेषा वर जाईल की खाली, यावर काही जातींपुरता आहे. किती वर जाईल, यावर फार थोडा. जवळ्याच्या खात्यावर जवळजवळ नाही, आणि दुर्दैवानं अर्धा किनारा त्यावर पोसतो. तरी मॉडेल सोडत नाही, कारण त्याच्याशिवायच्या बैठका मी बघितल्यात. तिथे प्रत्येकाचं जाळं निर्दोष आणि शेजाऱ्याचं दोषी असतं. निदान वहीत सगळ्यांची जाळी एकाच पानावर येतात.

सध्या आमच्यात वाद चाललाय, की मेनहेडनसारखं इथे करायचं झालं तर स्ट्राइप्ड बासच्या जागी कोण? पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झालं, पण ते काही बोंबील-जवळ्याच्या साखळीतला शिकारी नव्हे. मी घोळ म्हणते. सहकारी म्हणतो, घोळीचे आकडे इतके तुटपुंजे आहेत की त्यावर मर्यादा बांधणं म्हणजे निव्वळ हट्ट. त्याचं बरोबर आहे. मी तरी घोळच धरून बसलेय, आणि त्यात मॉडेलचा हात किती आणि काकांच्या प्रश्नाचा किती, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही.